'स्टँडर्ड' म्हणजे नेमकं काय?

आज आपण एकच शब्द घेणार आहोत आणि तो इंग्रजी आहे: 'स्टँडर्ड'. इंग्रजी असला तरी मराठी घरात तो पुरता मुरलेला आहे. "ते हॉटेल स्टँडर्ड आहे हो," असं आपण म्हणतो तेव्हा ते चांगलं आहे, चार हॉटेलांपेक्षा वरचं आहे, असं सांगायचं असतं. त्याच हॉटेलात खोली घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, "स्टँडर्ड देऊ की डीलक्स?" आता स्टँडर्ड म्हणजे सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त खोली. दारापासून काउंटरपर्यंत जाईतो शब्दाने स्तुती केली आणि ती परतही घेतली.

याला कोणी भाषेची गंमत म्हणेल. पण या गमतीच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाशी आपल्या शाळांतल्या मुलांचा संबंध आहे. तिथपर्यंत जरा वळसा घेऊन जाऊ.

स्टँडर्डचा मूळ अर्थ निशाण, ध्वज. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. ११३८ साली उत्तर इंग्लंडमध्ये स्कॉटलंडच्या राजाविरुद्ध जी लढाई झाली तिला 'बॅटल ऑफ द स्टँडर्ड' म्हणतात, कारण इंग्रजांनी गाड्यावर डोलकाठी उभी करून तिला संतांची निशाणं बांधली होती. सैन्य पांगलं तर कुठे जमायचं? निशाणापाशी. निशाण त्या जागी आहे हे 'बरोबर' की 'चूक', असा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. ते रोवलं आहे म्हणून ती जागा. पुढे राजाने ठरवून दिलेल्या वजनमापांना हाच शब्द लागला. राजाचं निशाण तसं राजाचं माप, असा दुवा काही कोशकार जोडतात.

ठरवलेलं माप म्हणजे तरी काय? इंग्रजांची वार मोजण्याची कायदेशीर मूळ पट्टी लंडनच्या संसदभवनात ठेवलेली होती. १८३४ च्या ऑक्टोबरात संसदेला आग लागली आणि पट्टी निकामी झाली. कायदा करणाऱ्यांनी आधीच तरतूद केली होती: पट्टी हरवलीच तर सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून ती पुन्हा तयार करावी. शास्त्रज्ञ कामाला लागले तेव्हा कळलं की ही लंबकाची रीत पुरेशी विश्वासार्ह नाही. मग त्यांनी काय केलं? मूळ पट्टीशी पूर्वी ताडून पाहिलेल्या ज्या पट्ट्या शिल्लक होत्या, त्यांवरून नवी मूळ पट्टी बनवली. १८५५ मध्ये ती कायद्याने रूढ झाली.

इथे जरा थांबू या. ज्यांचा खरेपणा मूळ पट्टीवरून ठरला होता, त्यांनीच आता मूळ पट्टीच्या बाजूने साक्ष दिली. मोजणारा मोजला गेला आणि मोजलेले मोजणारे झाले. हे चक्र दोषास्पद आहे का?

व्हिटगेन्श्टाइनने याच्या शेजारचा प्रश्न विचारला होता. पॅरिसमधल्या मीटरच्या मूळ पट्टीबद्दल ती एक मीटर लांब आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही, असं त्याचं म्हणणं. कारण मोजण्याच्या खेळात तिचं काम मोजून घेण्याचं नाही, मोजण्याचं आहे. सॉल क्रिप्केला हे पटलं नाही. ती पट्टी तापली असती तर लांबली असती. म्हणजे तिला इतर वस्तूंसारखीच एक लांबी आहे, आपण फक्त तिच्यावर बोट ठेवून 'मीटर' हे नाव दिलं. आम्हाला क्रिप्केची बाजू जवळची वाटते. किलोग्रॅमनेही तिलाच बळ दिलं. प्लॅटिनम-इरिडियमचा जो ठोकळा १८८९ पासून किलोग्रॅम ठरला होता, तो आणि त्याच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचं दिसलं. व्याख्येप्रमाणे मूळ ठोकळा एक किलोच, तेव्हा बिचाऱ्या प्रती जड झाल्या म्हणायचं! असं किती दिवस म्हणत राहणार? अखेर २० मे २०१९ पासून ठोकळा निवृत्त झाला आणि किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होऊ लागली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आपल्या देशाची ५७ क्रमांकाची प्रत आहे, तीही आता बरोबरीच्या इतर वजनांसारखंच एक वजन.

हा वाद आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेला आहे, आणि ज्या शब्दावरून झाला तोच शब्द आपण स्टँडर्डला प्रतिशब्द म्हणून वापरतो: 'प्रमाण'. 'मा' म्हणजे मोजणे, या धातूपासून तो आला. परिमाण, अनुमान, उपमान ही सगळी त्याची भावंडं. (मानपानातला 'मान' मात्र यांच्यात धरू नका, तो 'मन्' धातूचा.) न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त नैयायिकांना पेचात धरलं. तुम्ही सगळं प्रमाणाने सिद्ध करता, मग प्रमाण कशाने सिद्ध करता? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर त्याला तिसरं लागेल, आणि आपोआप म्हणाल तर बाकीच्या वस्तूही आपोआप का सिद्ध होऊ नयेत?

न्यायसूत्रांत आणि वात्स्यायनाच्या भाष्यात याला दिलेलं उत्तर सराफाच्या दुकानातलं आहे. तराजूने सोनं तोलतो तेव्हा तराजू प्रमाण आणि सोनं प्रमेय. पण तराजूबद्दलच शंका आली तर? ज्याचं वजन आधीच पक्कं ठाऊक आहे असं सोनं त्यात टाकून पाहतो. आता सोनं प्रमाण, तराजू प्रमेय. 'प्रमाण' हे त्या वस्तूला कायमचं चिकटलेलं विशेषण नाही. त्या वेळी ती जे काम करते, त्या कामाचं ते नाव आहे. लंडनच्या पट्टीचं कोडं इथे सुटतं. मापं एकमेकांना तपासतात, फक्त सगळी एकाच वेळी तपासता येत नाहीत.

आता लक्षात घ्या, मापांबद्दल बोलताना आपण 'चांगलं' हा शब्द कुठेच वापरलेला नाही. वाराची पट्टी उत्तम नव्हती, ठरलेली होती. प्रमाणवेळेचंही तसंच. १९०६ मध्ये भारताची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली जुनी, सुमारे ३९ मिनिटं मागे असलेली वेळ पुढे १९५५ पर्यंत चालू ठेवली. मुंबईचं घड्याळ हलक्या प्रतीचं होतं म्हणून ते बदललं नाही. आगगाडी चुकू नये एवढ्यासाठी सगळ्यांनी एक काटा मान्य केला.

पैशाच्या बाबतीत गोष्ट जरा अवघड होते, कारण तिथे काय ठरवायचं यातच कोणाचा तरी फायदा असतो. डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा प्रबंध याच विषयावर आहे. रुपयाचा सोन्याशी, म्हणजे पौंडाशी, दर टिकला की चलन स्थिर झालं, असं सुवर्ण-विनिमय पद्धतीचे पुरस्कर्ते मानत. आंबेडकरांनी विचारलं की रुपयाला बाजारात काय मिळतं, ते स्थिर आहे का? लंडनशी हुंडी करणाऱ्याची मोजपट्टी वेगळी आणि धान्य विकत घेणाऱ्याची वेगळी. त्यांनी तराजूच तराजूत घातला, असं आम्ही म्हणू.

आणि आता शाळा. 'सातवी स्टँडर्ड' यातला स्टँडर्ड इंग्लंडच्या शाळाखात्याच्या बोलीतला आहे. तिथे १८६२ च्या नियमावलीने वाचन, लेखन, गणित यांच्या सहा पायऱ्या आखल्या आणि त्यांना स्टँडर्ड म्हटलं. तपासनीस यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा आणि किती मुलं उत्तीर्ण झाली त्यावर शाळेचं अनुदान ठरायचं. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होता, तरी त्याने या पद्धतीवर जाहीर टीका केली. तपासणीपुरती मोजपट्टी होती, ती शिकवण्याचं उद्दिष्ट होऊन बसली. मूल पायरीवर उभं नसलं की ते मूलच कमी प्रतीचं. 'ठरलेलं' या अर्थावरून शब्द 'चांगलं' या अर्थावर सरकला, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हेच आपल्याकडे प्रमाणभाषेचं झालं. प्रमाण मराठी आपल्याला लागते, यात शंका नाही. न्यायालयाचा निकाल, विश्वकोशातली नोंद, औषधाच्या बाटलीवरची सूचना चंद्रपूरला आणि सावंतवाडीला सारखीच कळली पाहिजे. त्यासाठी निशाण कुठेतरी रोवावं लागतं. ते पुण्याच्या आसपास रोवलं गेलं याला छापखाने, शाळाखातं आणि कोशकारांचे पंडित ही कारणं आहेत; मुळामुठेच्या पाण्याचा तो गुण नव्हे. पण वर्गात एखादं मूल 'पानी' म्हणालं की त्याला आपण काय सांगतो? "पुस्तकात 'पाणी' लिहितात" असं क्वचितच. आपण म्हणतो, "अशुद्ध बोलू नकोस." खरं तर संस्कृत 'पानीय' डोळ्यांपुढे ठेवलं तर त्या मुलाचा 'न' मुळाला जास्त जवळचा आहे, आणि आपला 'ण' प्राकृतातून आलेला. तराजू पालटला की अशुद्ध कोण? तरी 'अशुद्ध' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो उच्चाराला न लागता घराला लागतो, आईला लागतो.

आम्ही तत्त्वज्ञानाचे वर्ग घेतले तेव्हा हे पुष्कळ पाहिलं. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही काही मुलं गप्प बसायची. मागाहून व्हरांड्यात तेच उत्तर आपल्या बोलीत अचूक सांगायची, आणि कधी कधी पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं. गुण मात्र परीक्षेच्या खोलीत मिळतात, व्हरांड्यात नाही.

यावर "मग काहीही लिहिलं तरी चालेल का?" असा प्रश्न नेहमी येतो. नाही चालणार. पट्टी टाकून द्या असं न्यायसूत्रांनी म्हटलं नाही आणि आम्हीही म्हणत नाही. पट्टी वापरा, पण ती कशाची पट्टी आहे ते मुलाला सांगा; आणि अधूनमधून तिलाही तोलून पाहा. असं तोलणं चालू असतंच. आपले लेखनाचे नियम १९६२ मध्ये ठरले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, आणि बोलल्यासारखं लिहायचं असेल तेव्हा 'केलं', 'झालं' या रूपांना त्या नियमांनीच जागा ठेवली आहे. आज आम्ही इथे जे बोललो त्यात दोन्ही रूपांची सरमिसळ झाली असणार. ती तशीच ठेवायची की सगळीकडे 'केले' करायचे, हे आता उतरवून घेणाऱ्यांनी ठरवावे.

पुढच्या वेळी 'नॉर्मल' हा शब्द घेऊ. त्याचं मूळ सुताराच्या गुण्यात आहे.