आज्ञा कोणाची आणि किंमत कोणाची?

शाळेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' असे लिहायला आम्ही सगळेच शिकलो. दौंड-शिरूरच्या खेड्यांतल्या आमच्या वाडवडिलांना अक्षर येत नव्हते, तरी ते जन्मभर आज्ञाधारकच राहिले. पाटलाची हाक आली की ताटावरून उठायचे, सांगावा घेऊन धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. नाही म्हटले तर बलुते बंद! म्हणून आज्ञापालन हा थोर सद्गुण आहे असे कोणी सांगू लागला की आम्ही आधी विचारतो, आज्ञा कोणाची आणि तिची किंमत कोण मोजतो?

हा प्रश्न फक्त आमच्याच देशातला नाही. होमरच्या नावावर असलेली 'इलियड' आणि 'ओडिसी' ही ग्रीक महाकाव्ये सुमारे 2700 वर्षांपूर्वीची. 'इलियड'मध्ये सेनापती अगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याची बंदिवान स्त्री हिरावून घेतो. अकिलीस त्याला भरसभेत लोभी म्हणतो आणि लढायचेच सोडून देतो. त्याला शिक्षा होते काय? मुळीच नाही. उलट भेटवस्तूंचे आमिष घेऊन त्याच्याकडे माणसे पाठवली जातात. त्याच्या रुसव्यात मरतात ते इतर सैनिक.

पुढे थर्सायटिस नावाचा माणूस उभा राहतो आणि जवळपास तेच बोलतो. लढायचे आम्ही आणि लूट राजाची, मग घरी का जाऊ नये, हा त्याचा सवाल. ओडिसियस राजदंडाने त्याची पाठ फोडतो. तो रडतो आणि सारे सैन्य हसते. कवीने त्याला लंगडा, पोक आलेला, सर्वांत कुरूप असा रंगवला आहे. त्याच्या बापाचे नाव नाही, गावाचे नाव नाही. याच भागात सरदारांची आणि त्यांच्या जहाजांची लांबलचक यादी येते, पण सामान्य सैनिकांची नावे सांगणे आपल्याला शक्य नाही असे कवी म्हणतो. प्रश्न तोच, पण सरदाराने विचारला तर स्वाभिमान आणि गरिबाने विचारला तर उद्धटपणा!

आमच्याकडची महाकाव्ये याहून वेगळे काय सांगतात? एकलव्याने आज्ञा पाळली, त्याचा अंगठा गेला. शंबूकाने मोडली, त्याचे डोके गेले. म्हणजे पाळा किंवा मोडा, किंमत खालच्यानेच मोजायची.

आता आमच्या भीमेच्या काठावर या. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री हुकूम आला म्हणून शिरूरच्या छावणीतून मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण निघाली. तिच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. 1 जानेवारी 1818 रोजी उपाशी, तहानलेल्या अवस्थेत ते दिवसभर झुंजले. होमरने जे केले नाही ते तिथल्या स्तंभाने केले. सामान्य सैनिकांची नावे दगडावर कोरली गेली आणि 'नाक'ने संपणारी ती नावे आजही वाचता येतात. पण इमानाचे फळ काय मिळाले? 1890 च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांना त्यासाठी अर्ज करावे लागले. नुसत्या आज्ञापालनाने हक्क मिळत नाहीत, हा धडा आम्ही रक्त देऊन शिकलो.

बाबासाहेबांनी तो धडा पुरता ओळखला होता. 1 जानेवारी 1927 रोजी ते या स्तंभापाशी आले. 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. हुकूम पाळण्यात खर्ची पडलेले शौर्य एकाच वर्षात हुकूम मोडण्याकडे वळले.

मग प्रत्येक आज्ञा मोडायचीच काय? 'ओडिसी' इथे उपयोगी पडते. ओडिसियसला वाऱ्यांनी भरलेली पिशवी मिळते, पण आत काय आहे ते तो सोबत्यांना सांगत नाही. घर नजरेत आलेले, नेता झोपलेला. आत सोनेनाणे असेल या संशयाने ते पिशवी उघडतात आणि वादळ सर्वांना परत फेकते. हा दोष आम्ही नेत्यावरही ठेवतो. कार्यकर्त्यांना अंधारात ठेवणाऱ्या पुढाऱ्याने नंतर बेशिस्तीची तक्रार करू नये.

पुढे सूर्यदेवाची गुरे मारायची नाहीत, अशी शपथ हेच सोबती घेतात. कारण त्यांना ठाऊक असते. पण अन्न संपते, भूक लागते, शपथ मोडते. जहाज फुटते आणि ओडिसियस सोडून सगळे बुडतात. उपाशी माणसाला आम्ही हसणार नाही. पण आमचे काय? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. त्या राजदंडाच्या धाकाने नव्हे, तर समजून-उमजून घेतल्या गेल्या. आज त्या मोडणाऱ्यांपैकी उपाशी किती आणि पोट भरलेले किती?

मालकाची आज्ञा मोडणे हे बंड आहे. स्वतः घेतलेली प्रतिज्ञा मोडणे ही गुलामीकडे परतीची वाट आहे. हा फरक ज्याला कळला, त्याने अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहिले काय आणि न लिहिले काय, त्याची मान कुणापुढे वाकणार नाही.