चर्चगेटच्या पुढचे स्टेशन

शंभर वर्षांपूर्वी चर्चगेट हे शेवटचे स्टेशन नव्हते. रूळ तिथून पुढे ओव्हल आणि कूपरेज मैदानांच्या पश्चिमेने, समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जात. आज जिथे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, तिथे बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचे कुलाबा टर्मिनस होते.

या कंपनीची विरारची पहिली लोकल १८६७ मध्ये बॅकबेपर्यंत आली. १८७० मध्ये चर्चगेट झाले, १८७३ मध्ये कुलाबा. कुलाब्याला तेव्हा कापसाचा मोठा बाजार भरे, आणि गुजरातचा कापूस थेट बाजाराच्या दारात उतरवणे रेल्वेच्या फायद्याचे होते. ७ एप्रिल १८९६ रोजी कायमस्वरूपी टर्मिनस सुरू झाले.

मग समुद्र हटवायचे ठरले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेच्या भरावाची भव्य योजना आली. काम रेंगाळले, खर्च फुगत गेला. वकील खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. नरिमन पॉइंटला नाव मिळाले ते त्यांचेच. भरावाची जमीन मात्र तयार होत गेली आणि किनाऱ्यालगतचे रूळ जुने शहर व नवी जमीन यांच्या मधोमध आले.

खटकते ते पुढचे. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. इतका पैसा ओतलेल्या मार्गाचा चर्चगेटपुढचा तुकडा तीन वर्षेही टिकू दिला नाही! १८ डिसेंबर १९३० रोजी बॉम्बे सेंट्रल उघडले, लांब पल्ल्याच्या गाड्यांना नवे घर मिळाले, आणि ३१ डिसेंबरला कुलाबा बंद झाले.

ही घाई मुंबईकरांना फार महाग पडली. ज्या टापूतून रेल्वे काढली, त्याच टापूत पुढे मंत्रालय, विधान भवन आणि नरिमन पॉइंटच्या उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. रोज सकाळी चर्चगेटला उतरलेली गर्दी पायी, बसने नाहीतर शेअर टॅक्सीने तिकडे जाऊ लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो विधान भवनमार्गे कफ परेडला पोचली, तेव्हा कुठे त्या भागाला पुन्हा रूळ मिळाले. तरी बोरिवलीहून लोकलने येणाऱ्याला वाटेत गाडी बदलावीच लागते. १९२८ साली तोच प्रवासी एका गाडीत बसून कुलाब्याला उतरत होता.