झोंपेच्या गोळ्यांचा निरोप घेतांना

डॉक्टरांनीं दिलेलें औषध दुखण्याचा शेवट करतें, अशी सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समजूत असते. आणि बहुतेक औषधांच्या बाबतींत ती खरीही आहे. ताप उतरला म्हणजे तापाची गोळी बंद होते, खोकल्याची बाटली फडताळांत मागें सरकते. पण कांहीं औषधें अशीं आहेत कीं, तीं सुरू करणें सोपें आणि बंद करणें कठीण. मनाची तगमग शमविण्यासाठीं व रात्रीं झोंप आणण्यासाठीं दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचें एक मोठें कुळ याच जातीचें आहे. रसायनशास्त्रज्ञ त्याला बेंझोडायाझेपिन म्हणतात. नांव जिभेला अवघड आहे खरें. पण त्या कुळांतील मंडळी घरोघर परिचयाची आहेत : डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. एखाद्या संकटाच्या आठवड्यापुरती आलेली गोळी दहा-दहा वर्षें उशाशीं राहते, आणि पुढें ती सोडूं पाहणारा मनुष्य एका विलक्षण दुखण्यांत सांपडतो. त्या दुखण्यांतून पार पडण्याची वाट शोधण्यांत मोठा वाटा डॉक्टरांचा नव्हे, तर तें स्वतः भोगलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांचा आहे.

या गोळ्यांचा जन्म कोणाच्या दुष्ट हेतूंतून झालेला नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झोंपेसाठीं बार्बिट्युरेट वर्गाचीं औषधें देत. १९०३ सालीं निघालेलें व्हेरोनाल हें त्यांतील पहिलें. त्यांची मात्रा थोडी वाढली कीं श्वास बंद पडे, आणि कित्येक माणसें अशा रीतीनें झोंपेंतच गेलीं. यापेक्षां निर्धोक असें कांहीं हवें होतें. अमेरिकेंत न्यू जर्सीमधील नटली येथें हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेंत लिओ स्टर्नबाख नांवाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत. ते जन्मानें ज्यू. १९४१ सालीं स्वित्झर्लंड सोडून तिकडे गेलेले. त्यांनीं तयार करून बाजूला ठेवलेला एक पदार्थ १९५७ सालीं प्रयोगशाळेची आवराआवर करतांना एका सहकाऱ्याच्या नजरेस पडला. तो टाकून न देतां तपासणीला पाठविला, तों प्राण्यांना शांत करणारा निघाला. १९६० सालीं तो लिब्रियम या नांवानें बाजारांत आला, आणि १९६३ सालीं त्याच्या पाठोपाठ त्याचें धाकटें भावंड व्हॅलियम.

डॉक्टरांना हायसें वाटलें यांत नवल नाहीं. ही गोळी एकटीच घेतली तर प्राणावर बेतण्याचा संभव जुन्या औषधांहून पुष्कळच कमी होता. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एकट्या ब्रिटनमध्यें या वर्गाच्या औषधांच्या वर्षाला सुमारें तीन कोटी चिठ्ठ्या लिहिल्या जात. त्यांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. वैधव्य, बाळंतपणानंतरची उदासी, नवऱ्याची गेलेली नोकरी, नव्या गांवचा एकटेपणा, या सर्वांवर एकच गोळी. दुःखाचें कारण विचारावयाला वेळ लागतो. चिठ्ठी मात्र अर्ध्या मिनिटांत लिहून होते.

सवयीचा प्रश्न अगदींच अज्ञात होता असेंही नाहीं. लिब्रियम बाजारांत येऊन वर्ष होतें न होतें तोंच, १९६१ सालीं, अमेरिकेंतील डॉक्टर लिओ हॉलिस्टर यांनीं मोठ्या मात्रा एकाएकीं बंद केल्यास रोग्याला झटके येऊं शकतात असें दाखवून दिलें होतें. पण ती मोठ्या मात्रेची गोष्ट, नेहमींच्या मात्रेला भय नाहीं, असें म्हणून तो प्रश्न मिटविण्यांत आला. १९८० सालीं ब्रिटनमधील औषधांचा फेरविचार करणाऱ्या समितीनें हिशेब मांडला कीं, १९६० पासून १९७७ पर्यंत साऱ्या देशांत या गोळ्यांच्या आहारीं गेलेले रोगी अवघे २८.

अठ्ठावीस! ज्या देशांत चिठ्ठ्या कोटींनीं मोजाव्या लागत, त्या देशांत अठ्ठावीस. पुढच्याच वर्षीं लंडनमधील पेटर्सन आणि लेडर या दोन डॉक्टरांनीं नेहमींच्याच मात्रेवर वर्षानुवर्षें असलेल्या १६ रोग्यांचें औषध देखरेखीखालीं काढून घेतलें. त्या सोळाही जणांना कमीअधिक त्रास झाला. मग बाकीचे हजारों लोक इतकीं वर्षें कोठें होते? ते डॉक्टरांपुढेंच बसलेले होते. गोळी कमी केली कीं काळजाची धडधड वाढते, झोंप उडते, हात कांपतात, असें ते सांगत. आणि त्यांना उत्तर मिळे कीं, हा तुमचा जुनाच आजार उलटला आहे, गोळी चालूंच ठेवा. औषधानें उत्पन्न केलेलें दुखणें त्याच औषधाची गरज सिद्ध करण्याच्या कामीं येई.

हें दुखणें कसें उत्पन्न होतें तें समजलें म्हणजे त्याची भीति निम्मी होते. मेंदूंतील मज्जातंतूंना चेतविणारे पदार्थ असतात, तसे त्यांना आवरणारेही असतात. आवरणाऱ्यांत प्रमुख जो, त्याला संक्षेपानें गाबा म्हणतात. उतारावरच्या गाडीला जसा चाकाचा अटकाव, तसा हा मेंदूला. बेंझोडायाझेपिनची गोळी स्वतः अटकाव करीत नाहीं. गाबाचा हात बळकट करते. ती मेंदूंत नेमकी कोठें जाऊन बसते तें १९७७ सालीं सांपडलें. आतां बाहेरचा मदतनीस रोज येतो म्हटल्यावर मेंदू आपला स्वतःचा अटकाव सैल करतो. म्हणून पहिल्या महिन्यांत ज्या मात्रेनें गाढ झोंप येई, तिनें पुढें येईनाशी होते. आणि एके दिवशीं तो मदतनीस काढून घेतला, तर सैल पडलेल्या अटकावानिशीं गाडी उतारावर सुटते. निद्रानाश, कानांत सतत गुणगुण, अंगावर मुंग्या, उजेड डोळ्यांना खुपणें, भांड्याच्या आवाजानेंही दचकणें, आपण आपल्यांत नाहीं असें वाटणें, हीं सर्व त्याचींच लक्षणें. मोठी मात्रा घेणाऱ्यानें ती एकदम थांबविली तर अपस्माराप्रमाणें झटके येऊन जिवावरही बेततें. सैल पडलेला अटकाव पुन्हां घट्ट होतो, पण आपल्या गतीनें; त्याला महिने लागतात, कोणाला वर्षाहून अधिक.

१९८३ सालीं बी.बी.सी.च्या ‘दॅट्स लाइफ’ या लोकप्रिय दूरदर्शन-कार्यक्रमांत एस्थर रॅंट्झेन यांनीं हा विषय काढला, आणि प्रेक्षकांकडून हजारों पत्रें आलीं. मनोरुग्णांच्या हितासाठीं झटणाऱ्या माइंड या संस्थेच्या साह्यानें त्यांची छाननी झाली व १९८५ सालीं निष्कर्ष पुस्तकरूपानें निघाले. त्या अठ्ठावीस जणांचा हिशेब टपालानेंच खोटा पाडला. याच सुमारास लंडनजवळच्या हॅरो येथें जोन जेरोम यांनीं ट्रॅंक्स नांवाची संस्था काढली. त्या स्वतः या गोळ्यांच्या फेऱ्यांतून गेलेल्या. संस्था म्हणजे काय, तर एक टेलिफोन, कांहीं खुर्च्या, चहा, आणि पलीकडच्या माणसाचें बोलणें मध्येंच न तोडतां ऐकणारीं माणसें. अशीं मंडळें मग ब्रिटनमधील इतर शहरांतूनही निघालीं.

वैद्यकाच्या बाजूनें त्यांना खरी साथ दिली ती न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनीं. त्यांचा जन्म १९२९ सालीं डेहराडूनचा. भारतांतील अरण्यांच्या प्रकारांचें वर्गीकरण करणारे वनशास्त्रज्ञ हॅरी चॅंपियन यांच्या त्या कन्या. १९८२ पासून १९९४ पर्यंत त्यांनीं न्यूकॅसल येथें केवळ या गोळ्या सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं दवाखाना चालविला व सुमारें ३०० रोगी तपासले. त्यांची थोरवी अशी कीं, आपण रोग्यांना शिकविलें असें न म्हणतां, रोग्यांकडून आपण शिकलों असें त्या म्हणत. १९९९ सालीं त्यांनीं एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यांतील मुख्य विचार असा : ज्या गोळीचा अंमल लवकर उतरतो, ती घेणाऱ्याला दिवसांतून अनेक वेळां चढ-उतार सोसावा लागतो, तेव्हां तिच्या जागीं, टप्प्याटप्प्यानें, शरीरांत फार काळ रेंगाळणारें डायझेपाम आणावें. त्यांच्या कोष्टकाप्रमाणें लोराझेपामचा एक मिलिग्रॅम किंवा अल्प्राझोलामचा अर्धा, हा डायझेपामच्या दहा मिलिग्रॅमच्या बरोबरीचा. एवढीशी दिसणारी पांढरी गोळी किती बळकट असते, हें यावरून ध्यानांत येईल. मग ४० मिलिग्रॅमपासून उतरावयाचें असल्यास दर एक-दोन आठवड्यांनीं दोन मिलिग्रॅम कमी करावे. वीसवर आल्यावर एकेकच. अगदीं तळाशीं अर्धा-अर्धा. एकूण तीस ते साठ आठवडे. अमेरिकेंतील डॉक्टरांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वें तर याहूनही सावकाश सुरुवात सुचवितात : दोन ते चार आठवड्यांनीं पांच ते दहा टक्के. आणि वेग ठरवावयाचा तो रोग्याच्या प्रकृतीनें. डॉक्टरांच्या घाईनें नव्हे, कीं नातेवाइकांच्या उत्साहानेंही नव्हे.

पण साठ आठवडे म्हणजे चारशेंहून अधिक रात्री. डॉक्टरांची भेट महिन्यांतून एकदां, दहा-पंधरा मिनिटांची. उरलेल्या वेळीं त्या माणसाबरोबर कोण असतें? घरचीं माणसें प्रेमळ असलीं तरी त्यांना दिसतें तें एवढेंच कीं, हातपाय धड आहेत, रक्ताची तपासणी चांगली आहे, आणि तरी हा मनुष्य दारें-खिडक्या लावून अंधारांत बसतो. ‘मन खंबीर कर’ असें तीं म्हणतात. तें वाक्य शंभरदां ऐकून मनुष्य बोलेनासा होतो.

समदुःखी माणसाचा उपयोग येथें होतो. तो औषध देत नाहीं. तो ओळख देतो. कानांतली गुणगुण, तळपायांची आग, दांतांत वीज खेळल्यासारखें होणें, हीं लक्षणें सांगतांना आपल्याला वेड लागलें असें लोक म्हणतील या भीतीनें जो आजवर गप्प बसला, त्याला समोरचा मनुष्य वाक्य पुरें होण्याआधींच म्हणतो, ‘होय, मलाही होत होतें. सात महिन्यांनीं गेलें.’ हें ‘गेलें’ पुस्तकांत वाचलेलें नसून समोर बसलेलें असतें, चहा पीत. दुसरी गोष्ट, हीं मंडळी एक जुनी चूक सुधारतात. रोग्याला वाटतें, बरें होणें म्हणजे जिन्याच्या पायऱ्या; रोज एक. प्रत्यक्षांत हें दुखणें लाटांनीं येतें, आणि दोन लाटांच्या मध्यें निरभ्र दिवसांची एखादी खिडकी उघडते. चार दिवस बरे गेल्यावर पांचवा वाईट उगवला कीं अननुभवी मनुष्य म्हणतो, सगळें फुकट गेलें. आणि पुन्हां पूर्ण गोळी घेतो. अनुभवी मनुष्य त्याला त्याचीच रोजनिशी उघडून दाखवितो : मागच्या महिन्यांत बरे दिवस तीन होते, या महिन्यांत नऊ आहेत. यासाठीं या मंडळांत रोजनिशीवर भर असे. तिसरी गोष्ट लाजेची. चोरून विकत घेतलेल्या नशेची गोष्ट निराळी; येथें तर मनुष्यानें डॉक्टरांची आज्ञाच पाळलेली असते. त्याला व्यसनी म्हणणें अन्यायाचें आहे, आणि तो शिक्का पुसला जाणें हाच कित्येकांना अर्धा उपचार ठरतो.

या मदतीला मर्यादाही आहेत, आणि त्या झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. एकाची मात्रा दुसऱ्याला लावणें धोक्याचें. ज्याला पूर्वीं झटके आले आहेत, जो मद्य घेतो, किंवा जिच्या पोटांत मूल आहे, अशांनीं तर डॉक्टरांवांचून अर्धी गोळीही हलवूं नये. शिवाय दुःखाच्या गोष्टी ऐकून दुःख वाढण्याचाही संभव असतो. ज्याला तीन वर्षें लागलीं त्याची कहाणी पहिल्या आठवड्यांतल्या माणसाला ऐकविणें ही दया नव्हे. बरेच जण त्यामानानें थोडक्यांत सुटतात, परंतु बरे झालेले लोक सभेला येईनासे होतात, आणि खोलींत उरतात ते अजून अडकलेले. हें गणित ज्या मंडळांनीं ओळखलें, त्यांनीं बऱ्या झालेल्यांना मुद्दाम बोलावून बसविलें. आणि रोग्याच्या मनांत आत्मघाताचा विचार डोकावला, तर टेलिफोनवरच्या मित्रानें आपलें सांत्वन आंवरून त्याला तत्काळ डॉक्टरांकडे पोंचविलें पाहिजे.

ब्रिटनमध्यें १९८८ च्या जानेवारींत औषध-सुरक्षा समितीनें डॉक्टरांना बजावलें कीं, या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊं नयेत. भारतांत मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम इत्यादि औषधें एच-१ या परिशिष्टांत आलीं. दुकानदारानें चिठ्ठी पाहून रोग्याचें व डॉक्टरांचें नांव वेगळ्या वहींत नोंदवावें व ती वही तीन वर्षें जपावी, असा नियम झाला. पण नियम नव्या चिठ्ठीला आवरतो. जी आजी पंधरा वर्षें रात्रीं ‘ती बारीकशी अर्धी’ घेत आली, तिचें काय? उतारवयांत या गोळ्यांनीं तोल जातो, विसर पडतो, आणि रात्रीं न्हाणीघराकडे जातांना मांडीचें हाड मोडतें. हें वाचून एखाद्या कर्तव्यदक्ष चिरंजिवांनीं डबी उचलून कचऱ्यांत टाकली, तर तें याहून वाईट. आधीं डॉक्टरांना विचारावें, मग आठवड्यांचा हिशेब मांडावा, आणि तिच्याजवळ बसणारें कोणी पाहावें. शक्य तर अशी वाट चाललेलें.

ॲश्टनबाईंनीं आपल्या मार्गदर्शिकेंत एक मौजेची गोष्ट नमूद केली आहे. पुष्कळांना सर्वांत भीति वाटते ती शेवटच्या अर्ध्या मिलिग्रॅमची. त्या कणांत औषधाचा गुण जवळजवळ उरलेला नसतो. उरलेला असतो तो केवळ विश्वास. मनुष्य आठवडेच्या आठवडे त्या कणाशीं घोटाळतो, आणि मग एके रात्रीं घेत नाहीं. दुसऱ्या दिवशीं विशेष कांहीं घडत नाहीं. हॅरोसारख्या ठिकाणीं अशा माणसाला कांहीं महिन्यांनीं त्याच टेलिफोनच्या दुसऱ्या टोंकाला बसवीत. पलीकडे कोणी तरी पहाटे तीन वाजतां कानांतली गुणगुण सांगूं लागलें, म्हणजे वाक्य पुरें होण्याआधींच ‘होय’ म्हणावयाला.