मेमरी मागितली एकाने, फ्री कुणी करायची?

सी भाषेत फंक्शनमधली साधी व्हेरिएबल्स फंक्शन संपताच जातात. मॅलॉकने घेतलेली मेमरी मात्र कुणीतरी फ्री करेपर्यंत अडून राहते, आणि हे काम कुणाचं, ते सी भाषा ठरवून देत नाही. स्ट्रडप आणि गेटएन्व्ह ही दोन फंक्शनं शेजारी ठेवून पाहा. दोन्ही मजकुराचा पत्ता परत देतात आणि पॉइंटरचा प्रकारही एकच. पण स्ट्रडप नवी जागा घेऊन मजकुराची प्रत देतं, ती फ्री करणं बोलावणाऱ्याकडे; गेटएन्व्ह मात्र आधीच असलेल्या मजकुराचा पत्ता देतं, तो फ्रीच्या हाती दिला तर प्रोग्रॅम कोसळू शकतो. कंपायलरला पॉइंटरच्या प्रकारावरून हा भेद कळत नाही. म्हणून मेमरीची मालकी कुणाची, हे प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर लिहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. रिअ‍ॅलॉक हे घेतलेल्या जागेचा आकार बदलणारं फंक्शन तर याहून फसवं. फंक्शनला मिळते ती पॉइंटरची प्रत. आत रिअ‍ॅलॉकने मजकूर दुसरीकडे हलवला, तर नवा पत्ता आतच राहतो आणि बोलावणारा जुन्या, सोडून दिलेल्या जागेवर लिहीत बसतो. चाचणीतल्या छोट्या डेटाला बऱ्याचदा आहे तिथेच जागा वाढवून मिळते, त्यामुळे चूक लपते. यावर उपाय साधा आहे: पॉइंटरचा पत्ता पाठवा, नाहीतर नवा पॉइंटर परत घ्या.

प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी परत घेतेच, मग एवढी काळजी कशाला, असं विचारलं जातं. क्षणभर चालणाऱ्या प्रोग्रॅमपुरतं ते खरं आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरला ते लागू नाही. शिवाय फ्री न केलेल्या मेमरीच्या गळतीपेक्षा घातक असतो तो फ्री केलेल्या जागेचा पुन्हा वापर. मुख्यतः सी++मध्ये लिहिलेल्या क्रोमियम ब्राउझरच्या चमूने 2020 मध्ये सांगितलं, की त्यांच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीचे होते आणि त्यातले निम्मे याच जातीचे. व्हॅलग्राइंडसारखी साधनं अशा चुका पकडतात, पण चाचणीत जी वाट चालली तिच्यावरच्याच. मग सी सोडून रस्ट ही भाषा घ्यावी का? नव्या कामासाठी जरूर घ्यावी. तिथे मालकीचे नियम कंपायलरच पाळायला लावतो. मात्र रस्टने सीसाठी बनवलेला आपला मजकूर, म्हणजे सीस्ट्रिंग, सीच्या हवाली केली, की ती मोकळी करण्यासाठी रस्टकडेच परत द्यावी लागते, सीचं फ्री तिथे चालत नाही, आणि हा नियम सीच्या बाजूला लिहूनच ठेवावा लागतो.