पाणी भरलं त्या रात्री सर्व्हर काय करत होता?

"या दोन तासांत पाणी नव्हतं, की नोंद नव्हती?"

गाईड मॅडमनी आलेखातल्या रिकाम्या जागेवर पेन्सिल टेकवून विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीएचडीच्या चौथ्या वर्षात असं गप्प बसायला लागणं बरं नाही, म्हणून ही पोस्ट.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी शीवला राहते आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचणाऱ्या पाण्यावर काम करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या पर्जन्यमापकाने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि कुलाब्याच्या पर्जन्यमापकाने ७३.४. शहर एकच. त्यामुळे 'मुंबईत किती पाऊस झाला' या प्रश्नाला तसा फारसा अर्थ नाही, गल्लीगल्लीची माहिती लागते. त्यासाठी मी एक छोटं वेब अ‍ॅप केलंय. लोक त्यावर ठिकाण आणि पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत ते निवडतात, वाटलं तर फोटो टाकतात. गांधी मार्केट, रोड नंबर २४, किंग्ज सर्कल अशी बारा ठिकाणं धरली आहेत.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री सुमारे दोन तास एकही नोंद आली नाही. आमच्या गल्लीत तेव्हा पाणी होतं, ते मी खिडकीतून बघत होते. पण बाकीच्या अकरा ठिकाणांचं काय? सकाळी बघितलं तर सर्व्हरची डिस्क गच्च भरलेली. आणि कशाने भरलेली, तर लॉगच्या फाईलने! चाचणीच्या वेळी मी एक ओळ लिहिली होती, आलेली प्रत्येक विनंती जशीच्या तशी लॉगमध्ये छापणारी. ती काढायची राहिली. विनंतीत फोटोही असायचा, बेस-६४ या मजकुराच्या रूपात. ३ एमबीचा फोटो त्या रूपात ४ एमबीचा होतो. म्हणजे पाचशे फोटो आले की २ जीबी. जुन्या डेस्कटॉपची डिस्क, वर पावसाची रात्र. डिस्क भरल्यावर डेटाबेसला लिहिता येईना, आणि 'लिहिता येत नाही' ही तक्रार लिहायला लॉगलाही जागा उरली नाही.

मग मी घाईत काय केलं? अ‍ॅप सुरू व्हावं म्हणून ती लॉगची फाईलच उडवली. त्या दोन तासांत किती लोकांनी कुठून प्रयत्न केला याचा काही पुरावा उरला असलाच, तर तो त्यातच होता.

आता मुद्द्यावर. लॉग म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःबद्दल लिहीत जातो ती टिपणं. ती दोन प्रकारे लिहिता येतात, आणि फरक समजायला आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांची वही पुरेशी आहे. काका जर रोजनिशी लिहीत असते, 'रात्री कोणीतरी टेम्पो घेऊन आला, तिसऱ्या मजल्यावर गेला, बराच वेळ थांबला', तर महिन्याभराने 'रात्री दहानंतर किती टेम्पो आले?' हे शोधायला अख्खी वही वाचावी लागली असती. पण त्यांच्या वहीत रकाने आहेत: तारीख, गाडी नंबर, कोणाकडे, आत, बाहेर, सही. एका रकान्यावरून बोट फिरवलं की उत्तर मिळतं. रकाने असलेला लॉग म्हणजेच स्ट्रक्चर्ड लॉग. आणि ही वही तळमजल्यावरच्या केबिनमध्ये असते, जिथे पाणी सगळ्यात आधी शिरतं. म्हणून पान भरलं की त्याची प्रत वर कुठेतरी पाठवायची. तो 'वरचा मजला' म्हणजे क्लाउड.

माझी जुनी ओळ अशी असायची:

२२:१४ एरर – रिपोर्ट सेव्ह झाला नाही, युजर ८१, सायन सर्कल

आता तीच घटना अशी लिहिली जाते (प्रत्यक्षात रकान्यांची नावं रोमन लिपीत आहेत, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत):

{"वेळ": "२२:१४:०७ +०५:३०", "पातळी": "एरर", "घटना": "नोंद_जतन_अयशस्वी", "विनंती": "क७फ२", "ठिकाण": "शीव-०४", "कारण": "डिस्क_भरली", "कालावधी_मिसे": ३१२०}

या मांडणीला जेसन म्हणतात. एका ओळीत एक घटना, आणि प्रत्येक माहितीला स्वतःचं नाव. 'घटना' या रकान्यात मी वाक्य लिहीत नाही, ठरलेल्या नावांपैकी एक लिहिते, कारण वाक्य कोणीही उद्या बदलतं आणि मग जुनं-नवं एकत्र मोजता येत नाही. 'विनंती' हा रकाना सगळ्यात कामाचा. एका माणसाने बटण दाबल्यापासून फोटो तपासणे, डेटाबेस, उत्तर पाठवणे अशा पाच-सहा ओळी वेगवेगळ्या ठिकाणी उमटतात, आणि पावसात शंभर माणसांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. सगळ्यांवर तोच खुणेचा क्रमांक असला की एका माणसाची गोष्ट सलग वाचता येते.

'ठिकाण' मध्ये नावाऐवजी कोड का? कारण आमचं शीव! मराठी पाटीवर शीव, इंग्रजी पाटीवर सायन, आणि लोक टाइप करताना शीव, शिव, सायन, झालंच तर रोमनमध्ये आणखी दोन प्रकार. शीव म्हणजे हद्द, जुन्या मुंबई बेटाची वेस इथे होती. पण माझ्या डेटात या हद्दीचीच हद्द ठरत नव्हती: गांधी मार्केटला कोणी सायन म्हणतं, कोणी माटुंगा, कोणी किंग्ज सर्कल. मी मजकुरात 'सायन' शोधायचे आणि 'शीव' लिहिणारे सगळे निसटायचे. आता लोकांनी लिहिलेलं नाव डेटाबेसमध्ये तसंच राहतं, लॉगमध्ये फक्त कोड जातो.

देवनागरीचा आणखी एक गुंता. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे श, दीर्घ वेलांटी आणि व मिळून 'शीव' ९ बाइटचं. पण पायथनची जेसन लायब्ररी मुद्दाम सांगितल्याशिवाय देवनागरी तशी लिहीतच नाही. प्रत्येक चिन्हामागे सहा अक्षरांचा सांकेतिक आकडा टाकते. ९ चे १८ बाइट झाले, आणि फाईल उघडून 'शीव' शोधलं तर काहीच सापडत नाही. एका सेटिंगने हे सुटतं, ते सापडायला मला एक दुपार लागली.

आता पाठवण्याबद्दल. पहिला मोह असा होतो की लॉगची ओळ तयार झाली की तिथल्या तिथे इंटरनेटवरून क्लाउडला द्यावी. असं करू नका. नेटवर्क मंद असलं तर बटण दाबणारा माणूस तुमच्या लॉगसाठी ताटकळत राहील, आणि पावसात नेटवर्क मंदच असतं. अ‍ॅपने ओळ फक्त बाहेर टाकायची. ती उचलून नेणारा वेगळा छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. मी फ्लुएंट बिट वापरते. तो ओळी साठवतो, गठ्ठा करून पाठवतो, पलीकडून उत्तर नाही आलं तर थोडं थांबून, मग दुप्पट थांबून पुन्हा प्रयत्न करतो. त्याच्या साठ्याला डिस्कवर मर्यादा घालून दिली आहे. एकदा पोळल्यावर ताकही फुंकून!

हे सगळं लावलं आणि तरी पलीकडे एकही ओळ दिसेना. एरर नाही, तक्रार नाही. दोन दिवस गेले. गडबड वेळेची निघाली. माझं अ‍ॅप भारतीय वेळ लिहीत होतं, पण शेवटचं '+०५:३०' लिहीत नव्हतं. उचलणाऱ्या प्रोग्रॅमने ती यूटीसी, म्हणजे ढोबळमानाने ग्रिनिचची वेळ समजून घेतली. त्यामुळे माझी प्रत्येक घटना साडेपाच तास भविष्यातली ठरली. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच लॉग्जचा नियम असा आहे की २ तासांपेक्षा जास्त पुढची किंवा १४ दिवसांपेक्षा जुनी नोंद घ्यायची नाही. गठ्ठा पोचल्याचं उत्तर मिळतं, आणि किती नोंदी नाकारल्या ते त्याच उत्तरात एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तो कोपरा मी वाचत नव्हते.

वेळेवरून कुलाबा आठवतो. (विषयांतर आहे, पण ऐकाच.) सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला पृथ्वीवर प्रचंड सौर वादळ आदळलं. युरोपातल्या काही वेधशाळांमध्ये फोटोच्या कागदावर उमटणारी रेषा पट्टीबाहेर गेली. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकमापक डोळ्यांनी वाचून आकडे हाताने लिहीत असत, आणि वादळ सुरू झाल्यावर ते जास्त वेळा वाचले गेले. वेळ आणि आकडा, एवढेच रकाने. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी याच नोंदींवरून दाखवलं की क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. त्यातले लखिना आणि अ‍ॅलेक्स आपल्या नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. मुंबईची स्थानिक वेळ तेव्हा ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. कुठली वेळ ते ठाऊक असलं तरच अशा नोंदी जगातल्या बाकी नोंदींशी जुळवता येतात. १८५९ मध्ये आकडे लिहिणाऱ्याला यातला एकही प्रश्न माहीत नव्हता.

म्हणून काय सगळंच लिहून ठेवायचं? मुळीच नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, कारण पासवर्ड न झाकता एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. माझ्या जुन्या लॉगमध्ये लोकांचे मोबाइल नंबर होते, फोटो होते, फोटोत घरांचे दरवाजे होते. आता यातलं काहीही लॉगमध्ये जात नाही. 'फोटो आला, आकार अमुक' एवढंच.

आणि किती दिवस ठेवायचं हे स्वतः ठरवा, कारण क्लाउडवॉचमध्ये काही न सांगितल्यास लॉग कायमचे राहतात, बिलासकट. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना लॉग १८० दिवस भारताच्या हद्दीत ठेवायला सांगितलंय. मीही तोच आकडा धरला. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, त्यामुळे शीवची वही मुंबईतच राहते.

मॅडमच्या प्रश्नाचं काय झालं? त्या रात्रीसाठी काहीच करता येत नाही. प्रबंधातल्या आलेखात ते दोन तास शून्य म्हणून नाही, करड्या पट्टीने दाखवलेत, खाली 'नोंद उपलब्ध नाही'. पण या वर्षी अ‍ॅप दर मिनिटाला एक ओळ लिहितं, कोणी काही पाठवो न पाठवो: "घटना": "जागा_आहे", सोबत डिस्कवर किती जागा शिल्लक ते. एका नोंदीची जागा तपासण्यापुरती डेटाबेसमध्ये लिहून पुसूनही बघतं, आणि जमलं की नाही ते त्याच ओळीत टाकतं. लोकांच्या नोंदी शून्य आणि या ओळी साठच्या साठ, सगळ्या 'जमलं' सांगणाऱ्या, असा तास आला तर अ‍ॅप उघडं होतं आणि कोणी काही कळवलं नाही. दोन्ही गायब असतील तर आम्हीच बुडालो होतो. पाच मिनिटं ही ओळ आली नाही की मला फोनवर मेसेज येतो. गेल्या आठवड्यात पहाटे साडेतीनला आला. विभागातली वीज गेली होती. बाहेर पाऊस नव्हता.