थंडीत गहू हसतो, मका का रुसतो?

पौषातली एखादी सकाळ डोळ्यांपुढे आणा. रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरलेला, बांधावरच्या गवतावर दव, आणि वर लख्ख ऊन. एका वावरात गहू कसा काळाभोर, टवटवीत उभा असतो! शेजारच्या वावरातला रब्बी मका मात्र पिवळा पडून अंग चोरून बसलेला. दोघांना पाणी एकाच विहिरीचे, ऊन एकाच सूर्याचे. मग हा फरक कशाने?

‘नत्र कमी पडले’ असे म्हणून आपण लगेच युरियाची गोणी फोडतो. चार दिवस गेले तरी पान काही हिरवे होत नाही. पैसा जातो आणि जीवही कष्टी होतो. म्हणून पानाच्या आत काय चालते, ते एकदा समजून घेऊ या.

पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. हरितद्रव्य उन्हातली शक्ती पकडते आणि त्या शक्तीवर हवेतल्या कर्बवायूपासून साखर तयार होते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. यात दोन कामे आहेत. ऊन पकडण्याच्या कामाला थंडी फारशी अडवीत नाही. साखर बनवण्याचे काम मात्र विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे असते. तापमान दहा अंशांनी उतरले की त्यांचा वेग साधारण निम्म्यावर येतो.

आता आपल्या चुलीकडे पाहा. जाळ भडकलेला आहे, तवा तापलेला आहे, पण गारठ्याने बोटे आखडली आहेत. भाकरी थापायला वेळ लागतो. तवा काही थांबत नाही. त्याच्यावरची भाकरी करपते. थंड सकाळी लख्ख ऊन पडले की पानाचे असेच होते. पकडलेली शक्ती खर्च होत नाही आणि ती पानाच्याच आतल्या नाजूक यंत्रणेला पोळते. म्हणजे पिकाला नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि कडक ऊन ही जोडी जास्त बाधते.

थंडी सोसणारी झाडे यावर चार उपाय करतात.

पहिला उपाय, थापणारे हात वाढवणे. कर्बवायू पकडणारे मुख्य विकर म्हणजे रुबिस्को. जगात सर्वांत विपुल असलेल्या प्रथिनांत त्याची गणना होते, पण कामाला ते मुळातच संथ. थंडीत वाढणारे पान रुबिस्कोचा साठा वाढवते. एकेक हात सावकाश चालला तरी हात जास्त असल्याने काम उरकते.

दुसरा, परात लवकर रिकामी करणे. तयार होणारी कच्ची साखर स्फुरदाला चिकटून पेशीत फिरते. तिची पक्की साखर झाली की स्फुरद मोकळा होऊन परत कामाला लागतो. थंडीत हे काम रेंगाळले की परात अडकते आणि पुढची भाकरी ठेवायला जागाच उरत नाही. काटक झाडे पक्की साखर करणारी विकरेही वाढवतात. हिवाळ्यातला पालक गोड लागतो तो यामुळेच. ही साखर गोठण्यापासूनही पेशींचा बचाव करते.

तिसरा, चुलीतले लाकूड मागे ओढणे. पानातली काही पिवळी रंगद्रव्ये आपले रूप बदलतात आणि नको असलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतात. ऊन उतरले की ती पुन्हा पूर्वपदावर येतात.

चौथा उपाय गृहिणींना चटकन उमजेल. थंडीत खोबरेल थिजते, पण करडईचे तेल पातळच राहते. पेशींतले पातळ पडदे अशाच स्निग्ध पदार्थांचे बनलेले असतात. थंडी सोसणारे झाड त्यांत न थिजणाऱ्या स्निग्धांचे प्रमाण वाढवते, म्हणजे आतली देवाणघेवाण अडत नाही.

कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात नॉर्मन ह्यूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळी राय व गव्हावर अनेक वर्षे याचा अभ्यास केला. ५ अंश तापमानात वाढवलेली रोपे त्यांनी उबेत वाढलेल्या रोपांशी ताडून पाहिली. थंडीतली पाने जाड निघाली, आणि थंडीतल्या कडक उन्हाने त्यांचे नुकसान कमी झाले. यातली मुख्य गोष्ट ध्यानात ठेवा: जे पान थंडीतच जन्मते, तेच थंडीला खरे सरावते. उबेत वाढलेले पान अचानक गारठ्यात सापडले तर त्याला थोडेफारच जुळवून घेता येते. आपला गहू त्यांच्या हिवाळी गव्हाइतका काटक नाही, तरी थंडी त्याला मानवते.

मका मूळचा मेक्सिकोचा, उष्ण मुलखातला. तापमान १५ अंशांच्या खाली राहिले की त्याच्या नव्या पानांत हरितद्रव्य नीट तयार होत नाही. जळगावकडच्या केळीचे पाहा, थंडी वाढली की नवे पान उशिरा निघते. तीही उष्ण मुलखाचीच.

मग आपण काय करावे? आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहा. नत्राची उणीव खालच्या जुन्या पानांवर आधी दिसते. थंडीचा पिवळेपणा वरच्या, नुकत्या निघालेल्या पानांवर दिसतो. तसे असेल तर युरियाची घाई करू नका. ऊब वाढू द्या आणि पुढचे पान कसे निघते ते पाहा. तेही पिवळेच निघाले तर जस्त किंवा लोह कमी असू शकते. तेव्हा मातीची तपासणी करून घ्या.

दुसरे, पेरणीची वेळ सांभाळा. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला की त्याला पुरती थंडी लाभते. उन्हाळी भुईमूग आणि बाजरी यांना मात्र थंडी ओसरल्याशिवाय जमिनीत घालू नका. कडाक्यात उगवण रखडते आणि बियाण्याचे पैसे वाया जातात.

थंडी कोणाला अडवता येत नाही. पण कोणते पीक तिच्याशी जमवून घेते आणि कोणते घेत नाही, एवढे ओळखले तरी एखादी युरियाची गोणी वाचते. उद्या सकाळी वावरात गेलात की वरचे एक आणि खालचे एक पान हातात घेऊन पाहा. दुखणे कशाचे आहे ते बरेचसे तिथेच कळेल.