माशांचे जिवंत खाद्य : फायदा आणि खबरदारी

शोभेचे मासे पाळणे हा आता केवळ श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे या माशांचा मोठा बाजार आहे. काचेच्या टाक्या बनविणे, पंप दुरुस्त करणे, मासे आणि खाद्य विकणे यांवर कित्येक घरांची रोजी चालते. या धंद्यात जिवंत खाद्याचा विषय वरचेवर निघतो आणि नुकसानही तिथेच होते. म्हणून हा लेख.

डब्यातल्या सुक्या दाण्यावर मासा जगतो. पण निसर्गात गप्पी, फायटर, एंजल हे मासे किडे-अळ्याही खातात. आठवड्यातून दोन-तीन वेळा जिवंत खाद्य मिळाले की त्यांचा रंग खुलतो, नर-मादी अंडी-पिल्लांसाठी लवकर तयार होतात. पैदास करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे.

धोका किड्यात नाही, पाण्यात आहे

माझा धंदा कापडाचा. दुकानात शोभेसाठी एक टाकी ठेवली होती. एकाने स्वस्तात लाल अळ्या आणून दिल्या, आम्ही त्या तशाच टाकल्या. दोन दिवसांत निम्मे मासे मेले. पाणी तेच, टाकी तीच, बदलले होते ते फक्त खाद्य. त्या अळ्या रंगाच्या कारखान्यामागील नाल्यातून काढल्या होत्या, हे नंतर कळले. कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय मी घेत नाही. अळ्या घेताना मात्र कुठून आणल्या एवढेही विचारले नाही. चूक माझीच.

ज्यांना बाजारात ब्लडवर्म म्हणतात त्या एका न चावणाऱ्या माशीच्या अळ्या असतात. प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या जगतात. त्यामुळे घाण पाण्यातले विषारी धातू त्यांच्या अंगात साठू शकतात. ट्युबिफेक्स हा किडा नसून गांडुळाच्या जातीचा जीव आहे. तोही गटाराच्या गाळात वाढतो, म्हणून तीच एहतियात त्यालाही लागू.

असे खाद्य आणल्यावर उथळ भांड्यात स्वच्छ, क्लोरीन उडून गेलेल्या पाण्यात ठेवावे. दिवसातून दोन-तीन वेळा पाणी बदलावे, मेलेले जीव काढून टाकावेत. एक-दोन दिवसांनी धुऊन मगच द्यावे. गाळण्यासाठी साध्या व्हॉइलचा तुकडा उत्तम. मच्छरदाणीतून बारीक अळी निसटते. धुण्याने जंतू व घाण कमी होते, पण अंगात मुरलेले विष जात नाही. म्हणून कारखान्याच्या नाल्याचा माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. ब्लडवर्म हाताळल्याने काहींना खाज, शिंका, दम्याचा त्रास होतो. चिमटा वापरावा, नंतर हात धुवावेत.

तळ्यातून आणलेल्या अळ्यांत चतुराच्या अळ्या असल्यास वेचून काढाव्यात. त्या माशांची पिल्ले खातात. फवारणी झालेल्या शेतातले टोळ किंवा औषध मारलेल्या घरातली झुरळे कधीही देऊ नयेत. आजच्या अनेक कीटकनाशकांचा थोडा अंशही माशाला मारक असतो. मोहल्ल्यात धुराची फवारणी होत असेल तर टाकी झाकून हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवावा. नाहीतर तोच पंप विष ओढून पाण्यात सोडतो.

डासांच्या अळ्या : सर्वांत मोठी जबाबदारी

डासाची अळी माशाला आवडते. पण अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. पिंपात मुद्दाम अळ्या वाढविणारा एक दिवस विसरला की मोहल्ल्यात डेंग्यू-मलेरियाला दावत दिल्यासारखे होते. पालिकेची नोटीस आणि दंड वेगळाच. म्हणून घरी किंवा दुकानात डास वाढवू नयेत. साठवलेल्या पाण्यात अळ्या आढळल्याच तर गाळून लगेच माशांना द्याव्यात आणि पिंप आतून घासावे. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी ओतून काम होत नाही.

घरी वाढविण्याजोगे किडे

लहान माशांसाठी फळमाशी सोयीची. बरणीत पिकलेले केळे ठेवून माशा आल्या की तोंडाला कापड बांधावे. दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. माशा पाण्यावर टाकल्या की गप्पी व फायटर वरच्यावर टिपतात. ऑस्कर, अरोवानासारख्या मोठ्या माशांसाठी मिलवर्म गव्हाच्या कोंड्यात वाढतो. ओलाव्यासाठी गाजराची चकती पुरते. त्यात चरबी जास्त, म्हणून आठवड्यातून एक-दोन वेळाच द्यावा. रातकिडा देताना मागचे काटेरी पाय काढावेत. किडा माशाच्या तोंडापेक्षा मोठा नसावा.

दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. उरलेले जाळीने काढावे. मेलेला किडा कुजला की अमोनिया होतो आणि त्यानेही मासे मरतात.

शेवटी दुकानदार बांधवांना एक अर्ज. खाद्य कुठल्या पाण्यातले आहे ते गिऱ्हाइकाला खरे सांगा. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, आणि ज्याचे मासे मेले तो पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढत नाही.